‘बसा पाव्हणं’साठी शंभर अनोळखी माणसं

लोहा, जि. नांदेड
दि. २ जून

तीर्थस्वरूप गुंडप्पामामा यांच्या चरणी भाचा मृत्युंजय याचा शरणार्थ.

इकडे सगळे बरे आहेत. मी थोडा घाबरलेला आहे, पण ते नेहमीचंच असल्यामुळे सगळे बरे आहेत असंच समजावं. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? (मागच्या भेटीत तुम्ही डावा म्हणाला होतात, पण लंगडत उजव्या पायानं होतात, म्हणून उजवा लिहिला. डावाच असेल तर डाव्याची चौकशी केली असं धरावं.) जगदेवीमामींचं बीपी उतरलं का? आप्पा विचारत होते. आईही विचारत होती, पण ती रोज फोनवर विचारतेच, त्यामुळे तिचं इथं वेगळं लिहीत नाही.

लोहा-लातूर एवढं जवळ असताना टपालानं पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मामा, चार ओळींच्या वरच्या कोणत्याही मजकुराला तुम्ही मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र पाठवता. आमची म्हैस व्याली तेव्हा तेच चित्र आलं आणि सोसायटीचे चेअरमन वारले तेव्हाही तेच आलं. माझं प्रकरण चार ओळींचं नाही. शिवाय फोनवर मी सुरुवात केली की तुम्ही ‘मुद्द्याचं बोल’ म्हणता आणि मग मला मुद्दा आठवत नाही.

मुद्दा असा की काल, एक तारखेला, मी लातूरला डाळमिलवर कामाला हजर व्हायचं होतं आणि झालो नाही. तुम्ही मालकांना शब्द टाकून गेटवर गाड्यांची नोंद करायची जागा माझ्यासाठी धरून ठेवली, ‘पोराचं अक्षर चांगलं हाय’ असंही सांगितलं, हे मी विसरलेलो नाही. डिप्लोमाचं दुसरं वर्ष गणितात तीनदा अडकून सोडून दिलेल्या माणसाला याहून चांगली जागा मिळणार नाही, हे आप्पा मला जेवताना सांगतात. तरीही मी आलो नाही, त्याचं कारण नीट, तारखेवार सांगितलं पाहिजे.

तुम्हाला माहीत आहे की मी दोन वर्षं एक गेम बनवत होतो. (आईनं तुम्हाला ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ असं सांगितलं असेल. ते हेच.) गेमचं नाव ‘बसा पाव्हणं’. तो मोबाईलवर खेळायचा, फुकट आहे. तुम्ही लग्नातले वाढपी. समोर पंगत बसलेली, हातात बादली. ज्याच्याकडे तुमचं लक्ष गेलं नाही तो पाहुणा आधी घसा खाकरतो, मग इकडंतिकडं पाहतो, मग पत्रावळीला नमस्कार करून उठतो. एक उठला की शेजारचा उठतो, आणि सगळी पंगत उठली की यजमानाची अब्रू जाते. अशी एकूण अकरा लग्नं आहेत. अकराव्यात मानाचे व्याही दोन्हीकडून एकाच वेळी बुंदी मागतात. ते मला स्वतःलाही अजून जमलेलं नाही.

गेम सगळ्या जगासाठी खुला झाला त्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. जगातून कोणी आलं नाही. तीन आठवड्यांत अकरा जणांनी तो घेतला. त्यातले सात आमच्या गल्लीतले, तीन वेळा मीच (निरनिराळ्या मोबाईलवर चालतो का ते पाहायला), आणि अकरावा कोण ते कळलं नाही, पण त्यानं चार मिनिटांत काढून टाकला. त्या चार मिनिटांत त्याला काय दिसलं असेल याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. मामा, गेम वाईट असता तर एक वेळ चाललं असतं. पण जगात असे लाखो गेम आहेत, रोज हजारानं नवे येतात, आणि आपला त्या ढिगात तळाशी आहे. तो वाईट आहे हे कळायलासुद्धा कोणीतरी खेळावा लागतो.

मग आप्पांनी अट घातली. ती तुमच्यासमोरच, फोन स्पीकरवर ठेवून घातली आणि तुम्ही ‘हाव, हे बराबर हाय’ म्हणालात, म्हणून पुन्हा लिहितो. आप्पा म्हणाले, “घरच्यानं चांगलं म्हनलेलं खरं नसतंय. पोरगी बघाय गेल्यावर तिचीच माय तिच्या सैपाकाची तारीफ करती, तसलं हाय ते. मे संपायच्या आत शंभर मानसं दाखव, ज्यांचा आपला काही संबंध न्हाई, अन् ज्यांनी निदान एक लगन पुरं खेळलंय. दाखवलीस तर कर तुझं. न्हाईतर एक तारखेला मिल.”

पहिला सल्ला माझा मित्र आदिनाथ यानं दिला. तो म्हणाला, चौकात फ्लेक्स लाव. मी फ्लेक्सवाल्याकडे गेलो. त्यानं विचारलं, “वाढदिवस का निवड?” मी म्हणालो, गेम. तो म्हणाला, “मंजे निवड.” फोटो नसलेला फ्लेक्स लोक पाहतच नाहीत असं त्याचं मत पडलं. एकाचा फोटो टाकला की दुसऱ्याचा टाकावा लागतो, नाहीतर दुसरा रुसतो, हे तुम्हाला सांगायला नको. शेवटी सव्वीस शुभेच्छुक झाले, मध्ये मी हात जोडून, आणि गेमचं चित्र माझ्या कोपराखाली, बशीएवढं. फ्लेक्स लागल्यावर नेमका तेवढा भाग केळीच्या गाड्यामागं गेला.

दुसऱ्या दिवसापासून लोक मला साहेब म्हणू लागले. कोणत्या वॉर्डातून उभा राहणार, असं दोघांनी विचारलं. लिंबाजीकाका म्हणून मागच्या गल्लीतले म्हातारे गृहस्थ आहेत, ते घरी येऊन बसले. त्यांच्या दारातली नाली तुंबली होती. मी कोणी नाही, मी गेमवाला आहे, असं मी तीनदा सांगितलं. ते म्हणाले, “असू दे की. फोटो तर हाय न्हवं?” शेवटी मी त्यांचा अर्ज लिहून दिला, स्वच्छ अक्षरात, तीन प्रतींत. आठवड्यात माणसं आली आणि नालीतून कोणीतरी टाकलेलं पोतं काढून गेली. लिंबाजीकाकांनी नातीकडून गेम घेतला, पाच तारे दिले आणि खाली अभिप्राय लिहवून घेतला: ‘नालीचे काम झाले. आभारी आहे.’ तो अजून तिथं आहे. फ्लेक्समधून आलेला तो एकच खेळाडू, आणि तोही ओळखीचा, म्हणजे आप्पांच्या हिशेबात शून्य.

यानंतर नऊ मे रोजी मला पहिला खरा अनोळखी माणूस मिळाला. त्यानं, म्हणजे तिनं, एक तारा दिला. अभिप्राय असा होता: ‘आधी वरण आणि मग भात वाढणारा हा माणूस कोण आहे मी तीस वर्षे पंगती उठवल्या असा वाढपी माझ्याकडे असता तर पातेली घासायला बसवला असता केवळाबाई नांदेड’, आणि पुढं मोबाईल नंबर. (बोलून टाईप केलेलं असावं, कारण पूर्णविराम एकही नव्हता.) मी हा अभिप्राय आईला वाचून दाखवला. तिला वाईट वाटलं. मला इतका आनंद झाला होता की मला ते सांगता येईना. कोणीतरी दुसऱ्या लग्नापर्यंत खेळलं होतं! भात-वरण एकत्र दुसऱ्याच लग्नात येतं.

मी फोन लावला. “कोन बोलून ऱ्हायलं?” मी म्हणालो, गेमवाला. “कोन्या गावचा?” लोह्याचा. “लोह्यात आधी वरण वाढतात का रं?” मी म्हणालो, न्हाई. “मग जगाला का खोटं दाखवून ऱ्हायला?” मामा, एवढा नेमका प्रश्न मला डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेतही कोणी विचारला नव्हता. केवळाबाई नांदेडला लग्नाच्या स्वयंपाकाचं कंत्राट घेतात. त्यांचं म्हणणं असं, की पत्रावळीवर भाताला आळं करून त्यात वरण घालतात; भाताआधी वरण घातलं तर ते वाहून मांडीवर येणारच, आणि माझ्या गेममध्ये ते जागच्या जागी शहाण्यासारखं बसून राहतं. हे खरं होतं. मी माफी मागितली आणि वरणाला वाहायला शिकवायला बसलो. पाच दिवस लागले. आता चूक झाली की वरण पत्रावळीवरून निघतं, पाहुण्याच्या धोतरावर जातं, आणि पाहुणा तुमच्याकडे पाहतो. नुसता पाहतो. (ते पाहणं फार चांगलं उतरलं आहे असं सगळे म्हणतात. ते आप्पांचं आहे. त्यांना सांगू नये.) केवळाबाईंनी एकाचे दोन तारे केले. “दोन लई झाले,” म्हणाल्या, आणि खरी पंगत कशी असते ते बघायला गुरुवारी नांदेडला लग्नावर बोलावलं.

तिथं मला जे दिसलं ते मी आजवरच्या सगळ्या लग्नांत पाहिलं होतं, पण कधी ध्यानात घेतलं नव्हतं. मुहूर्त बारा वीसचा. एक वाजला तरी नवरदेवाची वरात रस्त्यावर नाचत होती. मंगल कार्यालयात पाचशे माणसं, त्यातली निम्मी बाहेरगावची, सकाळी चहावर निघालेली. मे महिना, पंखे गरगरत होते पण वारा फक्त पंख्याखाली. स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीचा वास यायचा आणि पाचशे माना तिकडे वळायच्या. अक्षता पडल्याशिवाय जेवण नाही. आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल! वाढण्याचा गेम खेळायला भुकेल्या माणसाहून चांगला माणूस कोण?

मी रिक्षानं जाऊन गेमचा क्यूआर कोड मोठ्या कागदावर रंगीत छापून आणला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून स्टेजजवळच्या खांबाला चिकटवला. इथं माझं चुकलं. हल्ली लग्नात स्टेजजवळ क्यूआर कोड कशाचा असतो ते तुम्ही जाणता. लोकांना तो आहेराचा वाटला. एक फेटेवाले आजोबा पुढं आले, नातवाच्या मोबाईलनं स्कॅन केलं, नातवानं दिसेल ते बटण दाबलं, आणि आतून मोठ्यानं आवाज आला, “बसा पाव्हणं, वरण घ्या!” आजोबा नवरीच्या मामांना म्हणाले, “आहेर घेऊन ऱ्हायलात का वरण वाढून ऱ्हायलात?” मग आणखी चौघांचे मोबाईल तसेच ओरडले. आपला आहेर भलत्याकडेच वळवला जातोय असं दोन्ही बाजूंना एकदम वाटलं. नवरीच्या मामांनी माझी कॉलर धरून विचारलं, “कोन्या बाजूचा रं तू?” नवरीकडच्यांना मी नवऱ्याकडचा वाटत होतो आणि नवऱ्याकडच्यांना नवरीकडचा. मी खरं ते सांगितलं, की मी कोणत्याच बाजूचा नाही. मामा, लग्नात असं सांगू नये. त्यानं फार वाईट परिणाम होतो.

तेवढ्यात केवळाबाई हातात झारा घेऊन आल्या. त्या ओरडल्या नाहीत. “माझं मानूस हाय,” म्हणाल्या, “सोडा त्याला. न्हाईतर मी इथं थांबते अन् तिकडं भात करपतो.” कॉलर लगेच सुटली. नवरीच्या मामांनी ती दोन बोटांनी सरळसुद्धा केली. मग केवळाबाईंनी तो कागद खांबावरून काढला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “येड्या, उपाशी मानूस नवरीकडं बघत न्हाई. पान्याकडं जातो.” आणि तो कागद त्यांनी पाण्याच्या जारवर चिकटवला. वर मला मोठ्या अक्षरांत लिहायला लावलं: ‘आहेराचा नाही. जेवण होईपर्यंत खेळायचा.’

वरात आत येऊन अक्षता पडायला दोन वाजून दहा मिनिटं झाली. तोवर चौऱ्याहत्तर जण खेळले. मंगलाष्टकं चालू असताना मागच्या तीन रांगांतून बारीक आवाजात ‘वाढा, वाढा’ ऐकू येत होतं आणि नवरदेवानं दोनदा मागं वळून पाहिलं. काहींनी अक्षता मोबाईलवरच टाकल्या. खरी पंगत बसली तेव्हा लोक वाढप्यांना शिकवू लागले, “आळं करा आधी, आळं!” केवळाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि संध्याकाळी तिसरा तारा दिला.

त्यानंतर मे अखेरपर्यंत त्यांच्या प्रत्येक लग्नात जारवर कागद लागला. वऱ्हाडं आपापल्या गावी गेली आणि गेम बरोबर घेऊन गेली. एकतीस तारखेला माझ्याकडे एक लग्न पुरं केलेले तीनशे चार खेळाडू होते. मी यादी छापून आप्पांसमोर ठेवली, आणि माझी दुसरी चूक तिथं उघडी पडली. गेम सुरू करताना मी खेळणाऱ्याला दोन गोष्टी विचारतो: नाव आणि गाव. आदिनाथ म्हणाला होता की जगात कुठलाच गेम गाव विचारत नाही. पण मला गाव विचारल्याशिवाय कोणाशी बोलायला सुरुवातच करता येत नाही, तर खेळायला कसं देणार? त्यामुळे यादीत प्रत्येकाच्या नावासमोर त्याचं गाव होतं. आप्पांनी चष्मा लावला आणि मांडी घालून बसले.

“विरूपाक्ष, औराद. हा तुझ्या आत्याच्या नणंदेचा दीर. काट.” “सुकन्या, देगलूर. तिची माय अन् आपली थोरली काकू एका गावच्या. काट.” मी म्हणालो, आप्पा, एका गावच्या म्हणजे नातं नाही. ते म्हणाले, “तुझ्यासाठी न्हाई. तिच्या लग्नात मी जेवलोय.” मी पेन घेऊन बसलो होतो, काटत गेलो. ज्याच्या बैलजोडीचा सौदा आप्पांनी पंचवीस वर्षांपूर्वी मोडला होता तो पण ओळखीचा निघाला. ‘नाव: नवरदेव, गाव: मंडप’ असं लिहिणारा एकजण होता, त्याला आप्पांनी सोडलं, पण नाराजीनं. हळूहळू माझ्या लक्षात आलं की आप्पा खूश आहेत. त्यांचा अर्धा जिल्हा त्या कागदावर आला होता. ते नावं वाचत होते, गावं चवीनं म्हणत होते, आणि मधेच ‘ह्यो पन खेळला?’ असं हसत होते. शंभरानंतर त्यांनी चहा मागवला आणि मलाही द्यायला सांगितलं.

इस्लापूरला मात्र ते अडकले. तिथल्या कोणा आरतीनं तिसरं लग्न शेहेचाळीस वेळा हरून सत्तेचाळिसाव्या वेळी पुरं केलं होतं. आप्पांना त्या गावात कोणीच सापडेना. त्यांनी तीन ठिकाणी फोन लावले. “इस्लापूरला आपलं कुनीच कसं न्हाई?” असं ते इतक्या दुःखानं म्हणाले, की मला वाटलं आता ते तिकडं एखादी सोयरीकच जुळवतील. शेवटी चष्मा काढून म्हणाले, “ही खरी अनोळखी. शेहेचाळीस बार हारून पुन्हा खेळली, मंजे तुझ्या गेमात काहीतरी हाय.” मामा, आप्पांनी माझ्या गेमबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य. मी ते त्याच यादीच्या मागं तारीख टाकून लिहून ठेवलं आहे.

सगळे काटून एकशे नऊ उरले. अट शंभराची होती, म्हणजे वर नऊ. म्हणून मी काल आलो नाही. मालकांना माझ्या वतीनं क्षमा मागावी आणि सांगावं की अक्षर खरोखरच चांगलं होतं. मी इकडे समाधानात आहे. केवळाबाईंच्या सांगण्यावरून बाराव्या लग्नाला सुरुवात केली आहे; त्यात पापड वाढायचे आहेत आणि पंखा चालू आहे.

मामींना आणि घरातल्या मोठ्यांना शरणार्थ, लहानांना माझ्याकडून खाऊ. गुडघ्याला (जो असेल त्याला) शेक चालू ठेवावा.

तुमचा भाचा,
मृत्युंजय

ता. क. १ – सोबत एकशे नऊ नावांची यादी जोडली आहे. वर एक गोष्ट लिहायची राहिली. (राहिली नाही. दोनदा लिहून खोडली.) उरलेले बहुतेक लातूर, औसा, निलंगा, उदगीर भागातले आहेत, आणि आप्पा म्हणाले, “तिकडचं मला कळत न्हाई. गुंडप्पा सव्वीस वर्षं आडतीवर बसलाय, त्याला समदे ठावे हाईत. त्यानं ओळखले ते काट, मग उरलेले मोज.” तेव्हा अट अजून पुरी झालेली नाही. ती तुमच्या हातात आहे. तुम्ही या यादीतल्या कोणालाही ओळखू नये, अशी कळकळीची विनंती.

ता. क. २ – मी तुम्हाला खोटं बोलायला सांगत नाही. फक्त यादी चष्मा न लावता, एकदाच आणि भरभर वाचावी.

ता. क. ३ – एकालाही ओळखलं नाही तर आप्पांना संशय येईल, कारण ओळखणारे तुम्ही आहात. म्हणून नऊ नावांसमोर मी पेन्सिलीनं बारीक फुली केली आहे. तेवढ्यांना ओळखावं, अगदी मनापासून, वाटल्यास त्यांचे आजेही सांगावेत. दहाव्याला मात्र, मामा, तो रस्त्यात समोर येऊन पाया पडला तरी, आप्पांचा फोन होईपर्यंत गाव विचारू नये.